तीन डिस्कांची साक्ष

लिफ्टचं दार उघडलं आणि एक उंच माणूस चार हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून थेट माझ्यावर आदळला.

"सॉरी! फॉरेन्सिक लॅब कुठे आहे?"

"तुमच्यासमोर उभी आहे," मी म्हटलं. "पुरावा असा टॉवेलात आणतात? आणि यांवर नंबर कुठेत? कुठली रेकॉर्डरच्या कुठल्या खणातली, कसं कळायचं मला?"

तो ओशाळला... डोळे मात्र हसरेच. छे, मी कशाला बघत होते त्याच्या डोळ्यांकडे!

त्याची ताई पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक. एक मुलगी बुडता बुडता वाचली, आणि ताई जागेवरच नव्हती, उशिरा पोहोचली असा ठपका ठेवून तिला घरी बसवलं होतं. तेवढ्याच तासाचं कॅमेऱ्याचं चित्रण कुणीतरी पुसलेलं. शुक्रवारी समितीपुढे चौकशी. समितीची लेखी परवानगी घेऊन हा धावत आला होता.

मी डिस्कांच्या प्रती काढून कामाला बसले. चित्रणाचे तुकडे चारही डिस्कांवर विखुरलेले. क्रम चुकला की नुसता काला. तो रोज हजर.

"मी काही मदत करू?"

"गप्प बसा, तीच मदत."

"बसतो... बघत बसलं तर चालेल?"

"स्क्रीनकडे बघा."

"तिकडेच बघतोय की," तो माझ्याकडे बघत म्हणाला. माझा माउस भलतीकडेच गेला.

चार डिस्कांचे चोवीसही क्रम लावून झाले, पण स्क्रीनवरचं निळं पाणी दरवेळी मध्येच फाटायचं. शुक्रवार उजाडला. तो आला, पण हसला नाही.

"ताई जेवत नाहीये हो..."

मी चारही डिस्कांवरच्या नोंदींच्या तारखा पुन्हा वाचल्या आणि कपाळावर हात मारला. एक डिस्क सहा महिन्यांपूर्वीच बंद पडली होती! तिच्यावरची शिळी माहिती सगळ्याची वाट लावत होती, आणि मी बाई तिला दरवेळी मानाने पंगतीला बसवत होते! अशा रेकॉर्डरमध्ये एका डिस्कची उणीव बाकीच्या तिघी मिळून भरून काढतात. मी तिला वगळलं.

चित्र हललं. ताई खुर्चीतच होती. ती उठली, धावली, कपड्यांनिशी पाण्यात झेपावली, मुलीला काठावर घेऊन आली.

"ताई!" तो ओरडला आणि ढसाढसा रडला. मीही रडले, लपवू कशाला?

चित्रण समितीला पाठवलं आणि आम्ही दोघं त्याच्या फोनकडे डोळे लावून बसलो. दुपारी तो वाजला. त्याने घाईघाईने स्पीकर लावला.

"जिंकलो रे! सगळ्यांनी माफी मागितली माझी! सोमवारपासून कामावर!" ताईचा आवाज खोलीभर. "आणि काय रे, त्या लॅबवालीचं कौतुक करून तीन दिवस आमचं डोकं खाल्लंस, तिला सांगितलंस का ती आवडते म्हणून? की आताही ततपप?"

तो लालबुंद. फोन बंद करायला झेपावला... मी त्याचा हात धरला.

"ताई," मी फोनजवळ वाकले, "त्यांनी अजून काहीच सांगितलेलं नाही. पण माझं उत्तर 'हो' आहे."