हळू सरांचे हात

उन्हाळी शिबिरात कोडिंग शिकवायला गेले आणि पहिल्याच दिवशी चुकीच्या वर्गात शिरले. बारा-तेरा वर्षांची मुलं टेबलांवर वाकून छोट्या यंत्रगाड्या जोडत होती आणि त्यांचा शिक्षक म्हणत होता, "हळू... घाई केली की तार तुटते." मी मागे वळले, तसा तो म्हणाला, "कोडिंगचा वर्ग पलीकडे आहे. पण थांबलात तरी चालेल – आमच्या गाड्यांना अक्कल कुणीतरी द्यायलाच हवी."

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वर्ग एकत्र भरू लागले. तो गाडीचं अंग शिकवायचा, मी डोकं. मुलं त्याला 'हळू सर' म्हणायची. आठवड्याभरात आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो. एक मात्र खटकायचं – तो स्वतः कधीच काही जोडत नसे. मी एकदा चिडवलं, की सरांची नुसतीच तोंडपाटीलकी. तो हसला, पण कान लाल झाले.

तिसऱ्या आठवड्यात एका मुलीची गाडी वळेचना, सारखी भिंतीवर आपटायची. ती रडवेली झाली. तो खाली बसला, निसटलेली तार चिमटीत धरली... आणि हात असा थरथरला, की जोडलेला सेन्सरही निखळला. मी शेजारी बसले, त्याच्या मनगटाखाली तळहात धरला. तार बसली. त्याने हात काढून घेतला नाही. मीही नाही.

त्या संध्याकाळी सामान आवरताना त्याने सगळं सांगितलं. दुखणं वडिलांकडून आलेलं. औषध नाही, वाढतच जाणार. मी म्हटलं, तरीही मला तू आवडतोस. तो म्हणाला, "आधी घरी ये. बाबांना बघ. नंतर बोल."

मी गेले. एकेकाळी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्याच्या बाबांना खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवलं होतं. त्याची मोठी बहीण भरवत होती; निम्मा घास गळ्याभोवतीच्या टॉवेलवर सांडत होता. बाबा माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. ते कुणालाच कळलं नाही. जिन्यापर्यंत सोडायला आलेली ताई हलकेच म्हणाली, "आमची आई बाबांचं करता करता झिजून गेली. तू भली दिसतेस, म्हणून सांगते."

दोन दिवस मी शिबिराला गेले नाही. आईला सांगितलं, तर ती ताटावरून उठली. उघड्या डोळ्यांनी विहिरीत उडी घेतेस, म्हणाली. तिचं काही खोटं नव्हतं.

शेवटच्या दिवशी गेले. मुलांच्या गाड्या धावल्या, पालकांनी टाळ्या वाजवल्या, वर्ग रिकामा झाला. तो मुलांच्या बुटक्या बाकावर बसला होता.

"वाटलं, येणार नाहीस."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"घाबरलीस ना?"

"खूप. अजूनही घाबरलेय. पण घरी बसून बघितलं. भीती तिथेही तेवढीच होती... आणि तू नव्हतास."

त्याने मान वळवली. खिडकीबाहेर बघत विचारलं, "आणि मी घाबरलो तर?"

"तर सांगायचं. लपवायचं नाही."

"मग ऐक," तो म्हणाला, "आत्ता घाबरलोय."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.