दोन मशीनना जोडलेला आवाज

परळच्या जुन्या मिलच्या आवारातल्या त्या ऑफिसात जेवणाच्या डब्यांचा वास अजून रेंगाळत होता. लतिकाने आपला डबा उघडलाच नव्हता.

सर्व्हरमधल्या जागेचे कप्पे पाडायचे आणि एकेक कप्पा, म्हणजे व्हॉल्यूम, नेटवर्कवरून एकेका व्हर्च्युअल मशीनला, आभासी कॉम्प्युटरला, जोडून द्यायचा, हे तिचं काम. मशीनला तो कप्पा स्वतःची डिस्कच वाटतो. म्हणून एक व्हॉल्यूम एकाच वेळी दोन मशीनना देत नाहीत. दोघंही तो आपलाच समजून एकमेकांचं लिहिलेलं पुसत सुटतात. नव्या मुलांना हे तीच बजावायची. आज सकाळी घाईत तिनेच एक व्हॉल्यूम दोन मशीनना दिला होता.

त्यावर अकाउंट्समधल्या प्रफुल्लच्या आईने गायलेली गाणी होती. "माझ्याकडे ठेव, मी सांभाळते," असं लतिकाच त्याला म्हणाली होती. त्याच्या आईला, चंपाबाईंना, जाऊन उद्या वर्ष होणार. डिलाईल रोडच्या विहारात ती गाणी लावायची होती, आणि दुसरी प्रत नव्हती.

लतिकाने दोन्ही मशीन बंद केली. एकही फाइल उघडेना. नुसता चुरा.

मग किती लिहिलं गेलं ते दाखवणारा पडद्यावरचा आकडा हलला. त्या व्हॉल्यूमवर कुणीतरी लिहीत होतं. सावकाश, मध्ये दम घेत.

तिने जोडण्या तपासल्या. एकही नव्हती. तिने नेटवर्कची केबल उपटली. लिहिणं चालूच राहिलं. थांबलं, तेव्हा फाइल उघडली. अखंड.

तिला बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली.

"काय गं, उपास धरलायस काय?" प्रफुल्ल पेन ड्राइव्ह नाचवत आत आला. "नीट आहे ना सगळं?"

"नीट आहे."

"तुझ्याकडे दिलं की टेन्शनच नाय बघ. लाव ना जरा."

चंपाबाई गाऊ लागल्या. प्रफुल्ल हसत ऐकत होता. मग त्याचं हसू ओसरलं.

"हे कडवं आई नेहमी विसरायची."

कडवं संपलं. पुढचं सुरू झालं, त्याच्याही पुढचं. गाण्याच्या मागे एका बाईचा आवाज होता. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता.

नीट आहे. नीट आहे.

"ही कोण? रेकॉर्ड केलं तेव्हा खोलीत आई आणि मी दोघंच होतो." त्याने तिच्याकडे पाहिलं. "लतिका, काही झालं होतं का?"

गाणं थांबलं. स्पीकरमध्ये कुणी तरी वाट पाहत असल्यासारखी शांतता.

सांगायलाच हवं होतं. तिने तोंड उघडलं.

"प्रफुल्ल, माझ्या हातून..."

स्पीकरने तेच शब्द तिच्या अर्धा श्वास आधी उच्चारले. मघाच्या त्या बाईचाच आवाज, आणि तो लतिकाचाच होता.

फक्त फार म्हातारा झाला होता.