तीन वाजताचा फोन

माझा जन्म टेलिफोन दुरुस्त करण्यात गेला. त्यामुळे वहिनीने तक्रार सांगितली तेव्हा मी ती हसण्यावारी नेली. असा एखादा रिकामटेकडा प्रत्येक गल्लीत असतोच. रोज दुपारी तीनला फोन यायचा, कुणीतरी थकल्या आवाजात दादाबद्दल विचारायचं, "आहेत का?" बस, एवढंच. दादा होता, पण दोन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, वाचा गेलेली. वहिनी म्हणायची, प्रत्येक फोननंतर तो आणखी थोडा खचतो.

मी एक पेटी बनवून फोनला जोडली. फोन करणाऱ्याने ठरलेले दोन आकडे दाबले तरच घंटा वाजायची, नाहीतर फोन आतल्या आत बंद. आकडे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. एक दिवस सुखात गेला. दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला घंटा वाजली. आकडे बदलले, दोनाचे चार केले, चाराचे सहा. शेवटी वहिनीलाही न सांगता मनातल्या मनात ठरवले.

तरीही फोन आला. त्या दिवशी मी उचलला. लांब कुठेतरी पाणी ठिबकत होतं, आणि ओल्या मातीचा वास… फोनमधून वास येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? पण आला.

"आहेत का?"

मी नाही म्हणालो. पलीकडच्याने फोन ठेवला नाही.

त्या संध्याकाळपासून दादाला पाणी गिळवेना.

मग मी हात टेकले. भिंतीतली वायर उपटली, फोन आणि पेटी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या उशाशी बसलो, वहिनी पायथ्याशी. तीन वाजले. पंखा तेवढा कुरकुरत होता. घंटा वाजली नाही. वहिनीने सुस्कारा सोडला, आणि दादाने डोळे उघडले. दोन वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. स्वच्छ, अदबीचा.

"हो… मीच बोलतोय."

तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

"हो… धाकटाही इथंच आहे."

मग त्याने मान टाकली.

डॉक्टर येऊन गेले. वहिनी ओल्या फडक्याने त्याचा चेहरा पुसत होती, ती मध्येच थांबली. दादाच्या उजव्या कानाभोवती लाल, गोल वळ उठला होता; रिसीव्हर तासभर दाबून धरला की उठतो तसा. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

"भावोजी," ती अगदी हळू म्हणाली, "तुमच्या कानाला काय झालंय…"