कॅसेटची दुसरी बाजू

हळद उद्यावर आली होती आणि घरात गाणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून केसरबाई भडगावहून एस.टी.नं जळगावला आली, थेट तोतारामच्या कॅसेटच्या दुकानात. तिची थोरली बहीण सुंदरबाई, गावाची अक्का, हळदीची गाणी म्हणायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. पण जायच्या आधी गावातल्याच निंबाच्या मुलीच्या हळदीत तोतारामनं मशीन नेऊन तिचा आवाज भरून घेतला होता. सरलाच्या हळदीला तिची मावशीच गाईल, मग ती जिती असो की नसो, असं केसरबाईनं भाऊबंदांना ठणकावून सांगितलं होतं. नवरा कधीच गेलेला. घरात ती आणि लेक सरला, दोघीच.

वैशाखाची दुपार. गल्लीत कुत्रं नव्हतं. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत अंधार, तापलेल्या प्लास्टिकचा आणि विझल्या उदबत्तीचा वास. तोतारामनं भरलेली कॅसेट पुढं सरकवली. केसरबाई हात लावेना. आधी वाजव, म्हणाली, कोऱ्या कॅसेटी गळ्यात मारणारे मी पुष्कळ पाहिलेत. तोताराम हसला, आणि त्यानं मूळ कॅसेटच मशीनला लावली.

खरखर आली. मग बांगड्या. मग अक्काचा तो जाडाभरडा आवाज.

हळदीच्या गाण्यात नवरीचं, नवरदेवाचं नाव घालायची जागा असते. ज्या घरी हळद, त्या घरचं नाव. अक्का त्या जागेवर आली आणि तिनं नाव घेतलं, सरला. नवरदेवाच्या जागी घेतलं, भटू.

सरलासाठी भटूचं स्थळ येऊन महिनाही झाला नव्हता.

"ही नावं तू घातली का रे?"

"मी कशी घालणार, ताई? त्या दिवशी त्यांनी असंच म्हटलं. निंबाची बायको चिडली, कोणाच्या नावानं हळद लावताय म्हणून. म्हातारी चुकली, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं."

बोलता बोलता त्यानं शटरकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, की दुसरी बाजू त्यानं आजवर कोणाला भरून दिलेली नाही. गाणं संपलं तरी अक्का थांबली नव्हती. भर हळदीत तिनं रडण्याचा सूर धरला होता. बायकांनी तिचं तोंड दाबलं होतं.

"उलटी कर," केसरबाई म्हणाली.

त्यानं नको नको केलं. ती स्टुलावरून हलली नाही.

कॅसेट उलटली. झटापट ऐकू आली, कोणीतरी बस कर, बस कर म्हणत होतं. आणि त्यातून वर आला तो टाहो, मयताच्या दारात पाय ठेवताना बाई फोडते तो...

"केसर वं... मनी माय... आते तुनं कसं व्हई वं..."

तोतारामनं मान खाली घातली. तुमचंच नाव होतं, म्हणून देत नव्हतो, असं पुटपुटला. पुरुषांना काय कळतं! रडायला आलेली बाई मेलेल्याचं नाव घेत नाही. ती नाव घेते मागं राहिलेलीचं.

मागं राहणार होती ती केसरबाई, आणि घरात तिला सरलाशिवाय कोणी नव्हतं.

आणि घरची बाई रडतच उत्तर देते, त्या रीतीप्रमाणं फितीतून त्या रडण्याला जबाब आला. रडून रडून बसलेला, घोगरा आवाज. तोतारामनं दचकून समोर पाहिलं. तो आवाज समोरच बसलेल्या बाईचा होता. आणि केसरबाई तर त्या हळदीला गेलीच नव्हती, निंबाशी तिचं बोलणं नव्हतं.

"मी ऐकेल व्हतं वं अक्का... तोतारामना दुकानमा ऐकेल व्हतं... तरी हयद लावी..."

ऐकूनसुद्धा हळद लावली, असं ती रडत होती. तोतारामनं बटण दाबलं. दुकानात पंख्याची घरघर तेवढी राहिली.

केसरबाई उठली. डोळ्यांत टिपूस नाही. लोक तोंडावर थुंकले तरी चालेल, म्हणाली, भटूचा बाप दारात येऊन शिव्या देईल, देऊ दे. "लगन मोडस मी. आजच. मनी पोर जित्ती राहायले पाहिजे."

बोलून टाकल्यावर तिचा श्वास मोकळा झाला. शटरपर्यंत गेली, आणि परत फिरली.

"पुन्हा लाव ते. आता काय म्हणते, ऐकू दे."

फीत मागं गेली. तीच झटापट. तोच टाहो. आणि तोच घोगरा आवाज...

"मी ऐकेल व्हतं वं अक्का... तोतारामना दुकानमा ऐकेल व्हतं... म्हणीसन लगन मोडं..."

ऐकलं म्हणून लग्न मोडलं, असं आता ती रडत होती. त्या रडण्यामागं, मघाशी नव्हता, तो विहिरीच्या रहाटाचा आवाज येत होता. कोणीतरी घाईघाईनं दोर आत सोडत होतं.