सूनबाईची कड

ही गोष्ट रात्रीची नाही.

भुताखेताचं सगळं रात्रीच होतं असं समजून वाचायला बसला असाल, तर आधीच सांगते… ही दुपारची आहे. थंडीचे दिवस, गुरुवार, दुपारी एक ते पाच. लख्ख ऊन होतं. लेस विणणाऱ्या बायका अंधारात काम करत नाहीत, डोळे जातात. त्यामुळे जे काही झालं ते उजेडातच झालं.

आणि खरं आहे. ज्या बाईवर ही वेळ आली ती माझी सख्खी धाकटी मावशी. काका बाहेरच्या खोलीत होते म्हणून तिनं मला हे स्वयंपाकघरात, नळ चालू ठेवून सांगितलं.

मावशी लेसच्या संग्रहालयात कामाला होती. तिकिटं फाडायची, काचा पुसायची, पत्रं टाइप करायची, पडेल ते काम करायची. अकरा वर्षं झाली तरी नोकरी कच्चीच.

हे संग्रहालय म्हणजे मुळात एका लेस-व्यापाऱ्याची कोठी. आठवड्यातून एकदा मागच्या दाराशी बायकांची रांग लागायची. डोळे फोडून विणलेली लेस व्यापारी पितळी गजानं मोजायचा, आणि एक टाका वाकडा दिसला की तोंडावर परत फेकायचा. मग यंत्राची लेस आली. कोठीला कुलूप लागलं, बायका लोकांच्या फरशा पुसायला लागल्या. तीस वर्षांनी व्यापाऱ्याच्या नातवाला अचानक परंपरा आठवली. कोठीचं संग्रहालय झालं आणि नातू झाला अध्यक्ष. दर्शनी भिंतीवर आजोबांचा पुरुषभर उंचीचा फोटो लागला. विणणाऱ्यांपैकी एकीचाही नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते इथं अक्षरशः खरं होतं. त्यातल्या निम्म्या बायका शेवटी आंधळ्याच झाल्या होत्या.

ज्यांचे डोळे शाबूत राहिले, त्यांतल्या शेवटच्या म्हणजे मावशीच्या सासूबाई. वय ब्याऐंशी.

"त्यांना आणून बसवा," अध्यक्ष मावशीला म्हणाले. "लोकांना लेस होताना दिसली पाहिजे. तुमचं पक्कं करायचं मी बघतो."

सासूबाई हसल्या. "जन्मभर मागच्या दारानं गेले. आता म्हातारपणी पुढच्या दारानं नेतेस होय? चल बाई. तुझं भलं होत असेल तर बसते."

दुसऱ्या दालनात, उत्तरेच्या खिडकीशी त्यांची खुर्ची होती. पुढे जाड दोरी आणि 'हात लावू नये' अशी पाटी. मांडीवर गोल, टणक उशी. उशीवर नक्षीचा पुठ्ठा, त्यात शेकडो टाचण्या, आणि दोऱ्यांना लटकलेल्या पेन्सिलीएवढ्या लाकडी बॉबिन. त्या एकमेकींवरून इकडून तिकडे टाकायच्या. टक-टक, टक-टक. दिवसभर तो आवाज सगळ्या इमारतीत ऐकू यायचा. एकदा शाळेच्या सहलीतल्या एका मुलीनं विचारलं, "ही आजी खरी आहे का?"

"चिमटा काढून बघ," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी पाटी वाच."

दोन गोष्टी इथंच सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एक म्हणजे, सासूबाई रोज सकाळी काम सुरू करताना तिथं एक काळ्या डोक्याची टाचणी टोचायच्या. दिवसाचं काम किती झालं ते तिच्यावरून कळायचं. या वयात दिवसाला दोन बोटं लेस व्हायची, जास्त नाही.

दुसरी म्हणजे, लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी मावशीला लेस शिकवायला घेतली होती. मावशीला काही जमेना. कडेला दोऱ्याला दोन पीळ द्यायचे असतात, ती हटकून तीन द्यायची. कड आवळायची, लेस मुरडायची. शंभरदा सांगूनही तीनच. शेवटी दोघी हसत सुटल्या आणि नाद सोडला. घरात त्याला नावच पडलं होतं… सूनबाईची कड.

तर तो गुरुवार.

एक वाजता जेवणासाठी संग्रहालय बंद झालं. मावशी डबा घेऊन दुसऱ्या दालनाकडे निघाली. जिन्यात असतानाच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते कळेना. दारात आल्यावर कळलं.

आवाज नव्हता.

सासूबाई खुर्चीतच होत्या. मान खाली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. झोप लागली असेल म्हणून मावशीनं हाक मारली. "आई, डबा आणलाय."

मग हात लावला.

हात गार होता.

अध्यक्ष धावत आले. त्यांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

"तीनला पाहुणे येतायत," ते म्हणाले. "नव्या दालनाची मंजुरी आज व्हायचीय. आजींनाच बघायला येतायत ते."

मावशीनं हातातला डबा खिडकीत ठेवला.

"आत्ता डॉक्टर बोलावले तर सगळं बारगळेल. तुमचं पक्कं व्हायचंसुद्धा. आणि त्यांना आता काय फरक पडतो, बाई? पाहुणे गेले की लगेच बोलावू."

मावशी मला म्हणाली, "मी नाही म्हणायलाच तोंड उघडलं होतं गं. पण त्यातून निघालं… शाल आणते."

तिनं शाल आणली. खांद्यांवरून नीट घातली. मान लवंडू नये म्हणून पंच्याची गुंडाळी करून मानेमागे सरकवली. चष्मा वर केला. आणि बॉबिन उचलून एकेक करून त्यांच्या बोटांत अडकवल्या.

ज्या बाईनं हिच्या नोकरीसाठी ब्याऐंशीव्या वर्षी खुर्चीत बसायचं कबूल केलं, तिला हिनं असं बसवलं. मला मावशीचा राग येतो. आणि त्या जागी मी काय केलं असतं, असं मनात आलं की मी विषय बदलते.

तीन वाजता पाहुणे आले. पाच जण. अध्यक्षांनी त्यांना दोरीपासून चांगलं हातभर लांब उभं केलं. मावशी दाराशी थांबली. तिला फक्त पाहुण्यांच्या पाठी दिसत होत्या.

आणि मग…

टक.

मावशीला वाटलं, कुणाचा तरी बूट.

टक-टक.

टक-टक. टक-टक.

"अहो, काय हात चालतात या वयात!" पाहुण्यांतली एक बाई म्हणाली. "बघत राहावं असं. आजी, वर तरी बघा ना एकदा!"

"ऐकू येत नाही त्यांना," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. ते पुढे उभे होते, त्यांना हात दिसत होते. त्यांनी काय पाहिलं हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वीस मिनिटं ती तो आवाज ऐकत दारातच उभी राहिली.

पाहुणे बाहेर पडले.

आवाज थांबला.

मावशी जवळ गेली. सासूबाईंची बोटं तिनं अडकवली होती तशीच होती. शाल तशीच. पंचासुद्धा तसाच. पण लेस… दुपारी शाल घालताना तिनं पाहिली तेव्हा काळ्या टाचणीपुढं जेमतेम बोटभर होती.

आता पाच बोटं होती.

पाहुण्यांचा चहा उरकून साडेचारला परत आलेल्या अध्यक्षांनी तिकडे बघितलंच नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पावणेपाच. पावणेपाचला गेल्या. कळलं?"

पाचला डॉक्टर आले. काका कामावरून तसेच पळत आले. आईच्या पायाशी बसून त्यांनी मावशीला विचारलं, "त्रास झाला का गं तिला?"

"नाही हो. काम करता करता… पावणेपाचला."

"तू जवळ होतीस?"

"होते."

"मग बरं," काका म्हणाले, आणि तिचा हात धरून रडले.

मंजुरी आली. महिन्याभरात मावशीची नोकरी पक्की झाली. नव्या दालनाच्या उद्घाटनाला संग्रहालयाच्या इतिहासाची पुस्तिका काढायची ठरली, ती टाइप करायचं काम अर्थात मावशीकडे. अकरा पानं आजोबांवर. शेवटच्या पानावर चार ओळी सासूबाईंवर, त्यातली शेवटची ओळ मावशीनं स्वतःच्या हातानं टाइप केली. 'दुपारी पावणेपाच वाजता, हाती काम असतानाच त्यांनी जगाचा निरोप घेतला.' छापून आलं की खोटंही अंगवळणी पडतं. मावशीला जवळजवळ पटत आलं होतं.

पण ती उशी होती ना.

अर्धवट लेस, टाचण्या, बॉबिन, सगळं जसंच्या तसं काचेच्या पेटीत ठेवलं होतं. किल्ली मावशीकडे. आणि उद्घाटनाला काका येणार होते. काका लहानपणी आईच्या उशीशी बसून बॉबिनवर दोरा गुंडाळून द्यायचे. माणसाचं अक्षर ओळखावं तशी त्यांना लेस वाचता येते. दिवसाची दोन बोटं होणाऱ्या बाईनं एका दिवसात पाच बोटं केली, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं.

म्हणून मावशीनं पेटी उघडली, काळी टाचणी काढली आणि तीन बोटं पुढे टोचली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी… टाचणी पुन्हा जुन्या जागी.

कुलूप तसंच होतं. तिनं पुन्हा हलवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा मागे.

मग तिनं टाचणी काढून घरी आणली आणि धान्याच्या डब्यात खोल खुपसून ठेवली. सकाळी संग्रहालयात गेली तर काचेआड काळं डोकं चमकत होतं. घरी येऊन तिनं अख्खा डबा जमिनीवर ओतला. काही नाही.

पहारेकरी एकदा म्हणाला, "बाई, गुरुवारी तीनच्या सुमाराला त्या दालनात काहीतरी वाजतं. उंदीर असेल."

"असेल," मावशी म्हणाली.

उद्घाटनाच्या दिवशी भाषणं झाली, टाळ्या झाल्या, आजोबांच्या फोटोला हार झाला. काका गर्दीतून वाट काढत पेटीपाशी गेले. मावशी त्यांच्या मागून.

ते बराच वेळ बघत राहिले. मग काचेवर बोट ठेवलं. "ही टाचणी त्याच दिवसाची?"

"हो."

त्यांचं बोट हळूहळू पुढे सरकलं. बोटभर अंतरावर थांबलं.

मावशीला वाटलं, आता हे विचारणार, एवढी लेस कशी झाली? पण काकांनी ते विचारलंच नाही.

"इथपर्यंत आईचा हात आहे," ते म्हणाले. "इथून पुढे नाही. कड बघ. प्रत्येक ठिकाणी तीन पीळ."

मावशीनं वाकून पाहिलं.

लेस कडेला आवळली होती. ओळीमागून ओळ. चार बोटं.

"ही तुझी कड आहे," काका म्हणाले.

मावशी त्या दिवशी खुर्चीत बसली नव्हती. ती दारात उभी होती, पहारेकऱ्यानं तिला पाहिलं होतं. तिनं वीस वर्षांत एक टाकाही विणला नव्हता. पण हे सांगायचं तर मग विणलं कुणी, तेही सांगावं लागणार. आणि ते सांगायचं तर एक वाजल्यापासूनचं सगळंच.

"तू कधी बसलीस तिथं?" काकांनी विचारलं.

"त्या दिवशीच," तिच्या तोंडून गेलं. "आईंना दुपारपासून बरं वाटत नव्हतं. म्हणून थोडा वेळ मी बसले."

काकांनी काचेवरचा हात काढला.

"म्हणजे तिला दुपारपासून बरं नव्हतं," ते सावकाश म्हणाले. "आणि तुला माहीत होतं. आणि तू लेस विणत बसलीस."

त्यानंतर काका तिच्याशी कामापुरतं बोलतात. मीठ, किल्ली, पेपर. खरं सांगितलं असतं तर याहून वाईट झालं असतं की बरं, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण अध्यक्ष मागेच उभे होते. त्यांनी नको तेच ऐकलं. ऐकताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, असं मावशी म्हणते. पण माणूस मोठा व्यवहारी.

"बाई, तुम्हाला लेस येते?" त्यांनी विचारलं. "मग खुर्ची रिकामी कशाला ठेवायची?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मावशीनं विचार केला, बसावं एकदा. दोन मिनिटांत दोरे गुंततील, लोक हसतील, विषय संपेल. पुढच्या गुरुवारी ती उत्तरेच्या खिडकीशी बसली. नवी उशी मांडीवर घेतली. दोन बॉबिन उचलल्या.

दोरे गुंतले नाहीत.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला संग्रहालयात गेले होते. दोरीच्या अलीकडे गर्दी होती. मावशी मान खाली घालून बसली होती आणि तिचे हात इतके भरभर चालत होते की नजर ठरत नव्हती. लोक फोटो काढत होते. मी अगदी पुढे जाऊन हळूच हाक मारली. तिनं वर पाहिलं नाही. फक्त ओठ हलले. मी वाकले.

"मला येत नाही गं," ती म्हणाली. "मला अजून काहीच येत नाही."

"मग थांबव ना हात."

"तू थांबवून बघ."

मी हात पुढे केला. तिच्या मनगटापासून वीतभर अंतरावर आला असेल… आणि मला एकदम गार लागलं. खिडकी बंद होती, बाहेर लख्ख ऊन होतं. मी हात मागे घेतला.

"येते मावशी," मी म्हटलं.

तिला तशीच तिथं बसलेली सोडून मी बाहेर पडले. मला साडेचारची बस गाठायची होती.