मालूच्या विहिरीचं पाणी

पेणच्या बाजारात हौसा आणि मालू या सख्ख्या बहिणी शेजारी शेजारी माठ मांडून बसायच्या. दोघींना कुंभारांच्या घरी दिलेलं. हौसा पेणजवळ खाडीकाठी, धाकटी मालू रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात. मालूचे माठ पेंढ्यात गुंडाळून एसटीच्या टपावरून यायचे आणि दुपारपर्यंत संपायचे. हौसाचा माठ गिऱ्हाईक उचलून बघे, टिचकी मारून बघे, आणि खाली ठेवी.

घडणीत फरक नव्हता. मालूचे माठ भिजल्या जांभ्यासारखे लाल असत. हौसाचे फिकट, वर पांढुरकी भुकटी धरलेले.

"पाण्याचा दोष हाय," हौसाचा नवरा काळुराम म्हणायचा. "आपल्या पाण्यात खार. भट्टीत तोच वर येतो. मालूच्या विहिरीत लोखंड हाय, तिथं धुतलेली धोतरं पिवळी पडतात."

मालूचं नाव घेताना त्याचा आवाज मऊ होतो, असं हौसाला वाटायचं. मालूला आधी मूल झालं, आधी कौलारू घर झालं. ते हौसाने गिळलं होतं. हा रंग मात्र तिला गिळवेना.

दिवाळी सरल्यावर ती पत्र्याचे दोन डबे घेऊन वरशाला गेली. मालूने स्वतः पाणी शेंदून दिलं.

"ने की गो अक्का. पाण्याचं काय एवढं?"

वाकून उठताना मालूचे गाल तांबडे झाले होते. हौसा ते बघत राहिली.

त्या पाण्यात मळलेल्या मातीचे माठ भट्टीतून लाल निघाले. काळुरामने एक हातात घेऊन फिरवला. "मालूचाच वाटतो," तो म्हणाला.

हौसाला त्याहून लाल हवा होता.

ती पुन्हा गेली तेव्हा मालूचे ओठ पांढरे दिसले. उन्हाने असेल, असं म्हणून तिने डबे भरले. त्या खेपेचे माठ अधिक लाल निघाले. पेणच्या बाजारात बाया हौसाभोवती जमल्या. मालू त्या बाजाराला आलीच नव्हती.

तिसऱ्या खेपेला मालू भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा विठू म्हणाला, "डॉक्टर म्हणतो रक्तच नाय अंगात. लोह कमी हाय. हे पाणी पिऊन लोह कमी, म्हणजे नवलच." मग त्याने कोपऱ्यातला एक माठ उचलून दाखवला. राखेसारखा पांढरा. "माती तीच, पाणी तेच. बघ आता."

"तुझे कसे निघाले गो, अक्का?" मालूने विचारलं.

"बरे," हौसा म्हणाली. लाल निघाले, हे तिच्या तोंडून बाहेर पडलं नाही.

ती उठून विहिरीवर गेली. मालू दारातून बघत होती. हौसाने दोन्ही डबे काठोकाठ भरले.

त्या पाण्याचे माठ चैत्रात हातोहात गेले. पण आठवडाभरात गिऱ्हाईकं परत येऊ लागली. माठ गळत नव्हता, पाण्याला वासही नव्हता. पाणी गार होत नव्हतं एवढंच.

"जास्त भाजले गेले असतील," काळुराम म्हणाला.

सगळ्यात लाल माठ हौसाने घरात ठेवला होता. ओल्या वाळूवर, ओलं फडकं गुंडाळून. तरी पाणी कोमटच राही. पहाटे तिने माठाच्या पोटाला हात लावला. झोपलेल्या पोराचं अंग लागावं तसा तो लागला.

तिने हात काढला. मग पुन्हा लावला.

विठूचा निरोप आला, एकदा येऊन जा म्हणून. हौसा गेली नाही.

"फोडून टाक हा माठ," काळुराम म्हणाला.

"नाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

वैशाखातल्या एका दुपारी, बाहेर जमीन तापलेली असताना, तिने तांब्या बुडवला आणि घोट घेतला.

पाणी गार होतं. दात शिवशिवले.

तिने माठाला तळवा लावला. तोही गार होता.

काळुरामने तिच्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "निवला बघ एकदाचा," तो म्हणाला.

हौसाने डोक्यावरून पदर ओढला आणि ओटीवर येऊन बसली. वरशाहून अजून कोणी निरोप घेऊन आलं नव्हतं.