डावीकडची वाकडी चुणी

पाचव्या मजल्याच्या जिन्यात धापा टाकणाऱ्या त्या तरुणावर ती जवळजवळ आदळलीच.

"अहो, लिफ्ट चालू आहे की!"

"मला... पायऱ्या आवडतात," घाम पुसत तो असा काही हसला, की तिच्या हातातल्या फायली पडता पडता राहिल्या.

तो शिंपी. ती जुळ्यांच्या मेंदूंचे स्कॅन काढून, वरच्या थरातल्या घड्या जनुकं कितपत ठरवतात ते मोजणारी. तोही जुळ्यांतलाच एक, त्यासाठीच आला होता. चाळीस मिनिटं यंत्रात पडून राहिला आणि ती माइकवरून सांगत राहिली, "हलू नका हं."

पडद्यावर स्वतःचा मेंदू पाहून तो म्हणाला, "बाप रे, केवढ्या चुण्या! इस्त्री नाही का करत?"

"केली तर अक्कल जाईल."

"ती आज तशीही जाणार दिसतेय," तिच्याकडे बघत तो पुटपुटला. तिचे कान तापले.

आठवड्याने जुळा भाऊ आला. चेहरा तोच, पण मिशी नाही आणि तोंडातून चकार शब्द नाही. तिचा हिरमोडच झाला.

दोन दिवसांनी तिने दोघांचे स्कॅन शेजारी ठेवले आणि ती खुर्चीतून उठलीच. हुबेहूब जुळ्यांच्याही घड्या थोड्या वेगळ्या पडतात. इथे डावीकडची वाकडी चुणीसुद्धा तीच! हा एकच मेंदू होता. अहवाल सोमवारी जायचा होता. हे तसंच गेलं असतं तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात!

तिने त्याला बोलावून घेतलं. "दोन्ही वेळा तुम्हीच?"

तो पांढराफटक पडला. "भाऊ नाही म्हणाला. मग वाटलं... तुम्ही पुन्हा दिसाल."

"माझी नोकरी गेली असती, कळतंय का? निघा!"

तो मान खाली घालून निघून गेला. तिला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी खरा भाऊ हजर. "कालपासून जेवला नाहीये तो. मला ओढतच घेऊन आलाय." मग त्याने यंत्राच्या बोगद्यात डोकावून पाहिलं आणि तो दचकला. "ह्याच्यात? तो? दोनदा?"

"हो. का?"

"अहो, लहानपणी कपाटात कोंडला गेला होता. तेव्हापासून लिफ्टमध्येसुद्धा पाय ठेवत नाही!"

भावाचा स्कॅन संपताच ती धावत बाहेर गेली. तो जिन्यात बसला होता.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

तो गडबडून उठायला लागला. "डोळे मिटून नुसता तुमचा आवाज ऐकत होतो... 'हलू नका हं'..."

"मग आता हलू नका हं," ती म्हणाली, आणि त्याच पायरीवर त्याच्या शेजारी बसली.